सामाजिक शास्त्रांची नवी पदवी: अर्ज भरण्याआधी एक कांदापट्टी वाचा

माझी भाची कळव्याला राहते. यंदा कला शाखेतून बारावी झाली. गेल्या रविवारी ती आणि माझी बहीण कोपरखैरण्याला आमच्याकडे आल्या, त्या एका माहितीपत्रकाची प्रिंट हातात घेऊनच. वर ठळक अक्षरांत 'आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्रे, चार वर्षे, ऑनर्स'. खाली तक्ते आणि आद्याक्षरं: मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस, ओजेटी. चहा होईपर्यंत बहिणीनं विचारून टाकलं, "हे शिकून ही कोण होणार गं?" भाचीचा प्रश्न त्याहून अवघड होता. "मावशी, ह्यात मी नक्की शिकणार काय?"

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. निकाल लागला की असे प्रश्न घेऊन पालक स्टाफरूमच्या दारात उभे असतात. तिथे पाच मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगते आणि नंतर रुखरुख लागून राहते, कारण ह्या पदवीबद्दल पाच मिनिटांत सांगितलेलं हमखास अर्धवट असतं. परवा मात्र दुपारभर वेळ होता.

आधी नावातला गुंता. मराठीत समाजशास्त्र म्हणजे सोशिऑलॉजी, हा एक विषय. सामाजिक शास्त्रं म्हणजे अख्खं कुटुंब: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, मानसशास्त्र, भूगोलातला माणसांचा भाग. इतिहासाला काही विद्यापीठं ह्या घरात धरतात, काही शेजारच्या. समाजकार्य हे आणखी वेगळं. तो व्यवसाय आहे, त्याची बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू अशी स्वतंत्र पदवी असते. देवनारच्या टाटा संस्थेचं उदाहरण घ्या. १९३६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या नावात 'सोशल वर्क' होतं, १९४४ मध्ये ते बदलून 'सोशल सायन्सेस' झालं. तिथे आजही दोन्ही शिकवतात, पण प्रवेश घेणाऱ्यानं आपण कुठल्या दारातून आत जातोय हे ओळखलेलं बरं. 'मला लोकांना मदत करायची आहे' हे तुमच्या मनात पहिलं येत असेल, तर समाजकार्याचं माहितीपत्रकही शेजारी ठेवून वाचा. 'हे असं का होतं' हे पहिलं येत असेल, तर पुढे वाचा.

आता 'आंतरविद्याशाखीय'. हा शब्द उच्चारतानाच दम लागतो आणि त्याचा जुळा भाऊ 'बहुविद्याशाखीय' बरोबरच फिरत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा काढला, त्यात ह्या दोघांना वेगळं धरलंय. बहुविद्याशाखीय पदवीत सामाजिक शास्त्रं, विज्ञान, भाषा अशा मोठ्या मोठ्या क्षेत्रांत क्रेडिट वाटलेली असतात. आंतरविद्याशाखीय पदवीत दोन-तीन विषय मिळून एकच नवं कौशल्य घडवायचं असतं. आराखड्यातलं उदाहरण इकॉनोमेट्रिक्सचं आहे: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित मिळून एक पदवी. वाचून भाचीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. म्हणून मी उठले आणि फ्रीजवर चुंबकाखाली अडकवलेला एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

पट्टी

आमचा मामेभाऊ जुन्नर तालुक्यात कांदा करतो आणि वाशी मार्केटला पाठवतो. गाडीबरोबर येतो तेव्हा आमच्याकडे उतरतो. गेल्या खेपेची त्याची पट्टी इथेच राहिली होती. पट्टी म्हणजे अडत्यानं, म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणाऱ्या दलालानं, शेतकऱ्याला दिलेला हिशोबाचा कागद. वर तारीख आणि गाडी नंबर. मग ४३ गोण्या, वजन, दर, एकूण रक्कम. त्याखाली वजावटी: मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई. शेवटी हातात पडणारा आकडा आणि त्याच्याखाली पेनानं ओढलेली दुहेरी रेघ.

"ह्यात काय नाहीये?" मी विचारलं.

तिला कळणं शक्य नव्हतं. अडत नाहीये. अडत म्हणजे अडत्याचं कमिशन, आणि पूर्वी ते शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलं जायचं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं, भाज्या, कांदा, बटाटा हा माल बाजार समितीतच विकण्याची सक्ती काढली आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. म्हणून ती ओळ ह्या कागदावर नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनं प्रश्न इथे संपला. शेतकऱ्यावरचा भार गेला.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी इथे थांबणार नाही. ती म्हणेल, पैसे कोणाच्या हातातून जातात आणि भार कोणावर पडतो ह्या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याला वरून अडत भरायची आहे हे खरेदीदाराला माहीत असेल, तर तो मुळात दरच थोडा कमी लावेल. मग पट्टीवरून अडतीची ओळ गेली तरी 'दर' ह्या ओळीत ती लपून बसली असेल. भार शेवटी त्याच्यावर पडतो ज्याला व्यवहारातून पाय काढता येत नाही. मग शेतकऱ्याला पाय काढता येतो का? वाशी नको तर ओतूर आहे, मंचर आहे, चाकण आहे. शिवाय उन्हाळी कांदा साठवणीच्या कांदाचाळीत काही महिने टिकतो, भाव पडला तर थांबता येतं. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे एकाच शेतकऱ्याची ताकद कांद्याच्या जातीनुसार आणि महिन्यानुसार बदलते. इथे भूगोल आणि शेतीची माहिती आत आली. त्यांच्याशिवाय अर्थशास्त्राचं उत्तर पुरं होत नव्हतं.

पण मामेभाऊ भाव पडला तरी ओतूरला जात नाही. का? कारण ह्याच गाळ्यावर त्याचे वडील माल टाकायचे. लागवडीच्या वेळी हातात पैसा नसला की अडत्याकडून उचल मिळते, कागद नाही, जामीन नाही. घरच्या लग्नात अडत्या आहेर घेऊन आला होता. ह्याला समाजशास्त्र म्हणा, मानवशास्त्र म्हणा. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला मोकळा बाजार इथे मोकळा नाही. पण म्हणून तो निव्वळ पिळवणुकीचाही नाही, कारण बँकेनं फिरवलं तेव्हा त्याच माणसानं पैसे दिले होते.

आता हमालीची ओळ. हे नवी मुंबईतल्या कोणालाही जवळचं, कारण आमच्या कोपरखैरण्यात आणि घणसोलीत माथाडींची घरं आहेत, सातारा-सांगलीकडची कुटुंबं, अजूनही यात्रेला गावी जाणारी. १९६९ च्या माथाडी कायद्यानं ह्या माणसांसाठी मंडळं केली. मंडळात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. पाठीवर ओझं वाहणाऱ्या, रोज वेगळ्या गाळ्यावर काम करणाऱ्या माणसाला कायम नोकरासारखं संरक्षण मिळालं, ही साधी गोष्ट नाही. ती कशी घडली हे कळायला संघटनेचा इतिहास वाचावा लागतो, माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांचं काम वाचावं लागतं. आणि मुंबईतला बाजार मुळात खाडीपलीकडे का आला हे कळायला सिडकोचं नियोजन. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ची. दाटीवाटीच्या बेटावरचे घाऊक बाजार इकडे हलवायचे हा त्या आखणीचाच भाग होता. कांदा-बटाटा आधी आला, बाकीचे मागाहून.

एवढं सांगून झाल्यावर भाचीनं जे विचारलं त्यानं मला फार बरं वाटलं. ती म्हणाली, "मग ही हमाली मामाच्या पट्टीतून जाते, आणि माथाडींना ती हक्क म्हणून मिळते. दोघंही गरीबच. बरोबर कोण?"

ह्या पदवीचा विषय हा असा प्रश्न आहे. पाच शिक्षकांनी येऊन पट्टीची आपापली ओळ समजावली आणि निघून गेले, तर ते बहुविद्याशाखीय झालं. त्यालाही किंमत आहे. पण उचल ऐकल्यावर अर्थशास्त्राचं उत्तर बदललं आणि लाल कांदा ऐकल्यावर कायद्याचं उत्तर अपुरं वाटलं, हे जेव्हा वर्गात घडतं तेव्हा ते आंतरविद्याशाखीय. नवी पदवी तपासताना मी एवढंच शोधते: विषय एकमेकांना गाठतात अशी जागा अभ्यासक्रमात आहे का, की नुसते एका वेळापत्रकात शेजारी बसलेत?

एक सांगायला हवं. पदवी नवी असली तरी विचार नवा नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस ह्यांच्या हाताखाली. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. त्याच्याही आधी, १९१३ ते १९१६ ह्या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं सगळं त्यांनी घेतलं. मे १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरचा त्यांचा गाजलेला निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. आणि १९२३ मध्ये लंडनची डीएस्सी मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. जात कशी टिकते हे विचारणारा आणि रुपयाचं मूल्य कसं ठरावं हे विचारणारा माणूस एकच होता. पुढे कायदा आला, राज्यघटना आली. 'सगळं थोडं थोडं शिकून काय होतं' असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. त्यांनी थोडं थोडं काहीच शिकलं नव्हतं, हेही त्यात धरून.

तक्त्यातली आद्याक्षरं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच लोक फसतात.

क्रेडिट म्हणजे कामाचं माप. वर्गातल्या शिकवण्याचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सत्रात ६० तास. प्रात्यक्षिकाला एका क्रेडिटमागे ३० तास धरतात. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर हा मुख्य विषय, मायनर जोडीचा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर, एईसी भाषेचे, व्हीईसी मूल्यशिक्षणाचे, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, एफपी क्षेत्रप्रकल्प, सीईपी समाजात जाऊन करायचं काम, आरपी संशोधन प्रकल्प. सामाजिक शास्त्रांच्या मुलांनी ह्यातल्या शेवटच्या चारांकडे नीट बघावं. पट्टी तिथे हातात येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मधून बाहेर पडायची सोय केली. एक वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि पुन्हा शिकायला येता येतं. घरी आजारपण आलं, पैशाची अडचण झाली, तर ही सोय मोठा आधार आहे. मात्र एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर सामाजिक शास्त्रांत कोणी काम देईल ह्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. पहिल्या वर्षात ह्या विषयांची नुसती ओळख होते.

चौथ्या वर्षाला दोन वाटा फुटतात: साधं ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या वाटेसाठी यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मागितलेत. चौथं वर्ष महत्त्वाचं का, तर चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमए न करता नेट परीक्षा देऊन पीएचडीकडे जाता येतं, आणि एमए करायचंच असेल तर ते एका वर्षाचं होऊ शकतं. पण प्रत्येक महाविद्यालयात संशोधनाचं चौथं वर्ष नसतं. त्यासाठी पीएचडीला मार्गदर्शन करू शकणारे प्राध्यापक तिथे असावे लागतात. माहितीपत्रकावर 'चार वर्षे' छापलंय म्हणून चौथं वर्ष त्याच इमारतीत होईल असं धरून चालू नका. विचारा.

आकड्यांना घाबरणाऱ्यांसाठी

भाचीनं तक्त्यात 'संशोधन पद्धती' आणि 'संख्याशास्त्राची ओळख' वाचलं आणि तिचा चेहरा पडला. गणित सोडूनच तर ती कला शाखेत आली होती. हे दुखणं घरोघरचं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

समजा, ठाणे-वाशी लोकलमध्ये रात्री बायकांना सुरक्षित वाटतं का हे शोधायचंय. तुम्ही रात्री दहानंतर महिलांच्या डब्यात शिरलात, शंभर जणींना विचारलं. ऐंशी जणी म्हणाल्या, हो, वाटतं. निष्कर्ष काय? भाची पटकन म्हणाली, सुरक्षित आहे. मी म्हटलं, आणि ज्यांना भीती वाटते म्हणून त्यांनी ती गाडी सोडूनच दिली, साडेआठच्या आत घरी येता येईल अशीच नोकरी धरली, त्या कुठे मोजल्यास? त्या डब्यात नव्हत्याच. ह्याला नमुना निवड म्हणतात, आणि त्यात गणित नंतर येतं. आधी येतं ते 'इथे कोण नाहीये' हे विचारणं.

दुसरा नमुना. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा देशात सगळ्यात जास्त लोकसंख्येचा होता, एक कोटी दहा लाखांवर. आज कोणी जिल्ह्याचा आकडा काढून 'लोकसंख्या घटली' असं लिहिलं, तर आधी विचारायचं की जिल्हा तोच आहे का. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. नाव तेच, हद्द दुसरी. सांख्यिकीच्या पेपरात सरासरी आणि विचलन शिकवतील, ते सरावानं येतं. दहावीचं गणित ज्यांना कसंबसं सुटलं त्यांनाही येतं, हे मी वर्गात बघितलंय. पण ही सावधगिरी यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती आली की वर्तमानपत्र वाचण्याची तऱ्हाच बदलते.

म्हणून माझं मत ठाम आहे. ज्या पदवीत संशोधन पद्धतीचा एकच पेपर आहे आणि तोही पाचव्या सत्रात, ती पदवी नावानं कितीही देखणी असो, मी भाचीला तिथे पाठवणार नाही. पद्धती पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून हव्यात: मुलाखत कशी घ्यायची, प्रश्नावली कशी लिहायची, जुनी कागदपत्रं कशी वाचायची, एक्सेलमध्ये तक्ता कसा लावायचा, नकाशा कसा करायचा. विषयांना एकत्र बांधणारा दोर हाच. तो नसेल तर मुलांच्या हातात चार विषयांच्या चार प्रस्तावना उरतात.

मार्कशीटवर काय छापून येणार?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. हुशार मुलगा. त्यानं एका संस्थेतून असाच संमिश्र नावाचा अभ्यासक्रम केला, पुढे एमएही तशाच नावाचं. अभ्यास उत्तम झाला, मुलगा बदलून गेला म्हणा. मग त्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची इच्छा झाली. तिथला नियम असा की ज्या विषयाचं पद, त्या विषयात पदव्युत्तर पदवी दुसऱ्या वर्गासह, आणि बीएड. समाजशास्त्राच्या जागेसाठी तो गेला तेव्हा त्याच्या प्रमाणपत्रावर समाजशास्त्र हा शब्दच नव्हता. अभ्यासलं निम्म्याहून जास्त समाजशास्त्रच होतं, पण छाननी करणारा कारकून प्रमाणपत्र वाचतो, अभ्यासक्रम वाचत नाही. प्रवेश घेताना हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा महाविद्यालयात गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: पदवीवर आणि गुणपत्रिकेवर मेजर म्हणून नेमकं काय छापलं जाईल? 'सामाजिक शास्त्रे' एवढंच, की 'सामाजिक शास्त्रे, मेजर राज्यशास्त्र' असं? यूपीएससी किंवा राज्यसेवा द्यायची असेल तर ह्यानं फरक पडत नाही, तिथे कुठलीही मान्य पदवी चालते आणि यूपीएससीचा वैकल्पिक विषय पदवीतला असावा असंही नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला किंवा एमबीएलाही अडत नाही. शिक्षकी पेशात मात्र पदोपदी विषयाचं नाव बघतात. त्या वाटेवर जायचा जरा जरी विचार असला, तर एमए तरी एका नावाच्या विषयात करा.

पदवीचं नाव यूजीसीच्या मान्य नावांत बसतं का आणि संस्था यूजीसीच्या यादीत आहे का, हे दोन मिनिटांत संकेतस्थळावर बघून होतं. बघाच. नवीन अभ्यासक्रमाला आधीची तुकडी नसते, त्यामुळे 'पास झालेली मुलं कुठे आहेत' ह्याचं उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी पुढच्या सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम तयार आहे का ते विचारा. फक्त पहिल्या वर्षाचाच छापलेला असेल तर बाकीचं अजून लिहायचंय. पर्यायी विषयांची यादी लांबलचक असेल तर किमान किती मुलं आली की तो वर्ग चालतो हे विचारा, कारण वीस पर्यायांतले प्रत्यक्षात चारच उघडतात असं बऱ्याचदा घडतं. आणि कायम प्राध्यापक किती, तासिकेवरचे किती, हेही. ह्या प्रश्नावर उत्तर देणाऱ्याचा सूर बदलला तर तेही एक उत्तर आहे.

फीचा हिशोब चार वर्षांचा करा, एका वर्षाचा नाही. क्षेत्रकार्याचा प्रवास, राहणं ह्याचा खर्च कोण करतो ते आधीच विचारा. सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी ह्या राज्याच्या संकेतस्थळावर. मुलींच्या फीमाफीबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, पण ती योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे. आपला अभ्यासक्रम तिच्यात येतो असं गृहीत धरू नका.

प्रवेशाचं थोडक्यात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत बीएला बारावीच्या गुणांवर यादी लागते. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आहे ती बीएमएस, बीबीए, बीसीएसाठी, २०२४ पासून. केंद्रीय विद्यापीठं आणि बऱ्याच मोठ्या संस्था २०२२ पासून सीयूईटी ह्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर प्रवेश देतात. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकलं की एक जातो. कोणत्या पदवीला कोणते पेपर लागतात ते ज्या त्या संस्थेच्या यादीत बघून मगच अर्जात टिक करा. चुकीचा पेपर निवडल्यामुळे वर्ष गेलेली मुलं मी पाहिलीत.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कोण होणार? डॉक्टर, सीए असं एका शब्दात सांगता येणार नाही, आणि ते तिला पचायला जड गेलं. ही मुलं सर्वेक्षणाच्या आणि संशोधनाच्या कामात जातात, स्वयंसेवी संस्थांत, कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात, पत्रकारितेत, शहर नियोजनाच्या सल्लागारांकडे, स्पर्धा परीक्षांकडे. सुरुवातीचं काम बहुधा उन्हात दारोदार फिरून प्रश्नावली भरण्याचं असतं आणि पगार बेताचा. २०२७ मध्ये जनगणना होतेय, जातींच्या नोंदीसह. त्यातून निघणारे आकडे समजून घेणारी माणसं पुढची कित्येक वर्षं लागणार आहेत. इंजिनिअरसारखा पहिल्या दिवसापासून मोठा पगार हवा असेल तर ही वाट नाही, हे मी बहिणीला तोंडावर सांगितलं. ती काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "निदान खरं तरी सांगितलंस."

अर्जातला तो परिच्छेद

काही संस्था अर्जासोबत एक पान लिहून मागतात: तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचाय. भाचीनं आणलेला मसुदा असा सुरू होत होता: 'मला लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा आहे.' वाक्य खोटं नव्हतं. पण निवड समितीपुढच्या गठ्ठ्यात हे वाक्य पानोपानी असणार, आणि त्यातून ती कोण आहे हे काहीच कळत नव्हतं. तू कळव्याची आहेस, खाडीपुलावरून रोज ठाण्याला येतेस, ह्यातलं काही ह्या पानावर आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझा एक प्रश्न लिही. उत्तर नको. तो प्रश्न तुला कुठे पडला, त्याच्याबद्दल आजवर काय बघितलंस, आणि कुठे अडलीस, एवढंच लिही. जिथे अडलीस तिथून पुढे जायला काय शिकावं लागेल, ते आपोआप त्या पानावर येईल.

तिनं जुना मसुदा उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: 'माझ्या मामाच्या कांद्याच्या पट्टीवर अडत लिहिलेली नाही. मला शोधायचंय की ती खरंच गेली की दुसऱ्या ओळीत जाऊन बसली.' दोन-तीनदा वाचलं. मग म्हणाली, "पण मावशी, मामा ओतूरला माल का नेत नाही हे तर तूच सांगितलंस. त्याला कुठे विचारलंय?"

बरोबर होतं तिचं. मी माझ्या समजुतीनं सांगितलं होतं, उचल, आहेर, वडिलांपासूनचा गाळा. तिनं तिथूनच फोन लावला. मामानं आधी विचारलं, जेवलीस का, बारावीला किती पडले. मग तिनं विचारलं. पलीकडून "त्याचं असं आहे" असं ऐकू आलं आणि तिनं घाईघाईनं पेन ओढलं. कोरी बाजू भरली होती, म्हणून माहितीपत्रकाच्या तिसऱ्या सत्राच्या तक्त्यावरच ती लिहीत सुटली: गाडी अर्धी भरली तरी भाडं पूर्ण लागतं. गावातले चौघं मिळून एक गाडी करतात. तिघांचा गाळा वाशीला आहे. एकट्याचा माल ओतूरला न्यायचा तर ह्या तिघांना सोडावं लागतं. उचलीचं त्यानं नावही काढलं नव्हतं.